खुर्चीचे पैसे

भस्म्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता फक्त दवाखान्यात उरली होती. बाकी सगळ्यांना तो भस्म्याच. हे नाव थोरल्या बहिणीने ठेवलं. सहा भावंडांचं घर, आई वाढणारी, आणि सगळ्यांना अगदी सारखं वाढायचं हा तिचा नियम. भस्म्याचं ताट सगळ्यांत आधी चाटूनपुसून साफ व्हायचं आणि मग तो धाकट्यांच्या ताटांकडे असा टक लावून बसायचा की त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. "याला भस्म्या रोग झालाय," बहीण म्हणाली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. रोगबिग काही नव्हता. पोरगं अंगाने दांडगं होतं, भूक त्याच्या मापाची होती, आणि सारखं वाढलं म्हणजे पुरेसं वाढलं असं नसतं, एवढंच.

मोठा होऊन तो लिफ्ट दुरुस्त करणारा झाला. अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या इमारतींच्या पोटात गेलं. कधी लिफ्टच्या टपावर उभा, कधी खालच्या खड्ड्यात, कोपरापर्यंत हात ग्रीसने काळे. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की तो दाराच्या फटीला तोंड लावून आधी विचारायचा, "जेवलात का?" आतला माणूस भडकायचा; पण भडकलेला माणूस घाबरायचं विसरतो, हे भस्म्याला ठाऊक होतं. पहिला पगार हातात पडला त्या दिवशी त्याने मनाशी ठरवलं की यापुढे कुणाच्या ताटाकडे बघायची वेळ स्वतःवर येऊ द्यायची नाही. ते त्याने पाळलं. भरपूर खाल्लं आणि कुणाला लाजून खाल्लं नाही.

त्याचे मित्र तीन, चौघंही एकाच गल्लीत वाढलेले. हिशेबनीस विमा कंपनीत आकडेमोड करायचा आणि घरी पोरांच्या आंघोळीचं पाणीही मोजतो अशी त्याची ख्याती होती. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचा. बारक्या न्हावी. लहानपणी तो नुसता हाडांचा सापळा होता म्हणून बारक्या. आता कैचीच्या आधी त्याचं पोट गिऱ्हाइकाला लागायचं, पण नाव कोण बदलणार? महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चौघांनी एका ठरलेल्या हॉटेलात जेवायचं, हा रिवाज पहिल्या पगारापासूनचा. हॉटेल जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली चपलांचं दुकान, आणि वर जायला चार माणसांची एक लिफ्ट. तिची देखभाल भस्म्याकडेच होती.

त्या पहिल्याच जेवणाला बिलावरून त्यांची जुंपली होती. हिशेबनीस तेव्हा उमेदवारीवर होता, म्हणजे नव्याने पेन्सिल मिळालेल्या पोरासारखा. कोणी किती बटाटे खाल्ले, पाव कोणी संपवला, सगळं त्याने कागदाच्या पाठीवर मांडलं. बारक्या म्हणाला, "तो शेवटचा बटाटा माझा नव्हता." मग आवाज चढले, जुनी उणीदुणी निघाली, आणि त्या एका बटाट्यापायी दोस्ती मोडायची वेळ आली. शेवटी मास्तरने तो कागद टराटरा फाडला. "चार माणसं, चार वाटे. विषय संपला," तो म्हणाला. टिपेचं मात्र भस्म्याने ठरवलं. वाढणारा माणूस आपल्याबरोबर अर्धा जेवला असं धरायचं, आणि अर्धा वाटा त्याचा.

"अर्धाच का?" हिशेबनीसाने विचारलं होतं.

"आमच्याकडे वाढणारी कायम अर्धपोटीच उठायची," भस्म्या म्हणाला, आणि पुढे कुणी वाद घातला नाही.

तेव्हापासून हा कायदा. त्यात सगळ्यांत फायद्यात कोण, हे सांगायला विमा कंपनी नको. भस्म्या दोघांचं खायचा आणि एकाचं भरायचा. बाकीचे तिघं बोटं मोडायचे, "याच्याबरोबर जेवणं म्हणजे पाहुणा दत्तक घेणं," म्हणायचे. पण दर महिन्याला तो शेवटचा पाव त्याच्याकडेच सरकवायचे. खाली जाताना आणखी एक गंमत. चौघं लिफ्टमध्ये शिरले की भस्म्याच्या वजनाने घंटा वाजायची आणि दार मिटायचंच नाही. मग एकाने उतरून जिन्याने जायचं. खरं तर दरवेळी भस्म्यानेच उतरायला हवं होतं, पण तिथेही त्यांनी पाळी लावली. मास्तर, हिशेबनीस, बारक्या, भस्म्या, मग पुन्हा मास्तर. भस्म्याने आपली पाळी कधी चुकवली नाही.

गेल्या वर्षी त्याच्या पोटाने दगा दिला. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि नको तेवढं, म्हणजे बरंचसं, काढून टाकलं. जीव वाचला. पण आता दर दोन तासांनी वाटीभर काहीतरी, तेही चावून चावून. एक घास जास्त झाला की घाम फुटायचा आणि आडवं व्हावं लागायचं. अंग उतरलं. पट्ट्याला नवी भोकं पाडून झाली, मग पट्टाच बदलला. कामावर परत गेला त्या दिवशी त्याने लिफ्टमध्ये पाय ठेवला आणि त्याला चुकल्यासारखं झालं. पूर्वी त्याचा पाय पडला की लिफ्ट इवलीशी दबायची. आता ती दबली नाही. त्याने बाहेर येऊन पुन्हा पाय ठेवून पाहिला.

रविवार मात्र त्याने सोडला नाही. गेला, सूप मागवलं, तिघांना जेवताना बघत बसला. बिल आलं तसं हिशेबनीसाने ते उचललं आणि तो काउंटरकडे गेला. भस्म्याने पाकीट काढलं तर म्हणाला, "राहू दे, पुढच्या वेळी." भस्म्याला बरं वाटलं. दवाखान्यातून आलेल्या माणसाला मित्रांनी एकदा जेवू घातलं तर त्यात वाईट काय? पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्यापुढच्या महिन्यात त्याने पाकीट काढायच्या आधीच तिघांनी आपापल्या नोटा टेबलावर टाकल्या होत्या, आणि त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

खाली रस्त्यावर आल्यावर त्याला आठवलं की गोळ्यांची डबी टेबलावरच राहिली. तो एकटाच पुन्हा वर गेला. त्यांना वाढणारी ताई टेबल आवरत होती. ती या हॉटेलात लागली तेव्हा तिच्या पोरी शाळेत जायच्या. आता एकीचं लग्न झालं होतं, आणि ताईच्या पायाला घट्ट पट्टी बांधलेली असायची. भस्म्याला बटाटा किती भाजलेला आवडतो, हे तिला सांगावं लागत नसे. तो दारात असताना तिने बिलाची बशी उचलली, त्यातली चिल्लर तळहातावर घेतली, आणि मग बशी उलटी करून खाली बघितलं. एखादी नोट चिकटून राहिली असेल म्हणून.

"ताई, एवढेच?" भस्म्याने विचारलं.

ती दचकली. मग तिने डबी त्याच्या हातात दिली. "असू दे. तुमचं आजारपण निघालं तेव्हापासून असंच आहे. मला वाटलं, दवाखान्याचा खर्च झाला असेल, हात आखडता घेतलाय."

"माझा दवाखाना मी भरलाय," भस्म्या म्हणाला.

"मी काही बोलले का?" ताई म्हणाली, आणि पुढच्या टेबलाकडे वळली.

भस्म्या लिफ्टमध्ये एकटा उभा राहिला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय झालं असणार, ते त्याला बटण दाबायच्या आधीच कळलं. चौघांचं बिल तिघांत वाटलं की प्रत्येकाचा आकडा फुगतो. तो फुगवटा हिशेबनीसाला सहन होणार नाही. मग कात्री कुठे लागणार? जो टेबलावर बसलेला नाही, त्याच्या वाट्याला. म्हणजे भस्म्याच्या सुपाचे पैसे गेले तीन महिने ही लंगडत वाढणारी बाई भरत होती, आणि वर तिलाच वाटत होतं की याला कारण भस्म्या. तिचं काही चुकलेलं नव्हतं.

घरी बायको बटाटा कुस्करत होती. त्याने चपला काढल्याच नाहीत. "तुला माहीत होतं? हे लोक माझा वाटा घेत नाहीत ते?"

"हिशेबनीस भावजींचा फोन आला होता," ती म्हणाली. "मीच हो म्हटलं. दोन चमचे सूप पिता आणि पैसे पूर्ण जेवणाचे द्यायचे? औषधं काय फुकट येतात?"

"मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात, ते मला माहीत होतं. अहो, मान मोठा की माणूस?"

"अगं, मला वाढू नका, चालेल. पण मोजायचं बंद केलं की मी गेलोच, असं समजायचं. खुर्चीवर बसवलाय नुसता, फोटो ठेवतात तसा."

बायको बराच वेळ कुस्करत राहिली. बटाट्यात आता एक गाठ उरली नव्हती. "हे त्यांना सांगा," ती म्हणाली. "मला नका सांगू. तुमच्या पोटात गेलेला एकेक घास मी रोज मोजते."

त्याने चपला काढल्या आणि ताटलीसमोर बसून निमूटपणे खाल्लं. पण मनातला निखारा विझला नाही, आणि त्याने तो विझू दिलाही नाही. महिनाभर तो लिफ्टच्या खड्ड्यांत उभा राहून एकट्यानेच भांडणाची तालीम करत होता. एका इमारतीच्या पहारेकऱ्याला वाटलं, याला आजारपणात डोक्यालाही काही झालं.

पुढच्या पहिल्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. ताई पाण्याचे ग्लास ठेवताना म्हणाली, "सूप ना?"

"सूप. आणि अख्खी भाजलेली कोंबडी. लोण्यातले बटाटे, दोन पाव, शेवटी पुडिंग. पूर्वी घ्यायचो तेच."

ताईने त्याच्याकडे बघितलं. "पूर्ण?"

"पूर्ण."

तेवढ्यात तिघं आले. टेबलावर कोंबडी आली तसा मास्तरचा चेहरा उतरला. "अरे, वेडा आहेस का? डॉक्टरांनी काय सांगितलंय तुला?"

"मी कुठे खातोय? मी मागवलीय. खाणार तुम्ही."

"आम्ही आमचं मागवू की."

"तुमचंही मागवा. माझ्याकडे पाव इतकी वर्षं कुणी सरकवला? आता मी सरकवतो. खा मुकाट्याने."

कुणी हात लावेना. शेवटी बारक्याने धीर सोडला. भाजलेल्या कातडीच्या वासापुढे तत्त्वं फार वेळ टिकत नाहीत. त्याने तंगडी उचलली तसे बाकीचे दोघंही मान खाली घालून जेवले. भस्म्याने सुपाचे सात-आठ चमचे घेतले आणि चमचा खाली ठेवला. तो वास त्याच्याही नाकात जात होता. जीव तुटत होता, पण त्याने तोंड फिरवलं नाही.

बिल आलं. हिशेबनीसाचा हात सवयीने बशीकडे गेला, आणि त्याच्याआधी भस्म्याचा पंजा तिच्यावर पडला. मनगट बारीक झालं होतं, पंजा तेवढाच रुंद होता.

"चार वाटे," भस्म्या म्हणाला. "आणि ताईचा अर्धा."

"अरे सोड ना. तू काय खाल्लंस? वाटीभर सूप."

"चार वाटे."

हिशेबनीसाने चष्मा काढून पुसला. अवघड बोलायचं असलं की तो असंच करायचा. "हे बघ, आपण न्यायाचं बोलू. ज्याने जेवढं खाल्लं, तेवढे त्याने द्यावेत. तू रागावू नकोस, हा सरळ हिशेब आहे."

"बरं. मग मागचाही काढ. पहिल्या पगारापासून मी तुमच्या वाट्याच्या किती कोंबड्या खाल्ल्या ते मांड. घर गहाण टाकतो आणि फेडतो. काढ पेन्सिल."

हिशेबनीस पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसायला लागला.

"तेव्हा का नाही आठवला सरळ हिशेब? कारण तेव्हा तुम्ही माझ्या पोटाचे पैसे भरत नव्हतात. या खुर्चीचे भरत होतात. इथे एक माणूस बसतो, त्याचा एक वाटा. तो हत्तीएवढा खाईल नाहीतर चिमणीएवढा. खुर्ची तीच आहे आणि मी तोच आहे. मला ताटावरून उठवायचं असेल तर तोंडावर सांगा, उठतो. बसवून ठेवून उठवू नका."

"उठवलं कुणी तुला?" मास्तर कळवळून म्हणाला. "चार पैसे वाचावेत म्हणून केलं रे."

"कुणाचे वाचवलेत? आणि कुणाच्या खिशातून? ताईला तीन महिने चिल्लर मिळतेय. ती बशी उलटी करून बघते, खाली काही चिकटलंय का म्हणून. मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्यावर दया करायची हौस असेल तर स्वतःच्या जिवावर करा. आयजीच्या जिवावर बायजी उदार!"

मास्तर आणि बारक्या दोघंही हिशेबनीसाकडे बघायला लागले. त्यांना हे ठाऊक नव्हतं. काउंटरवर जाणारा कायम एकच होता. "तू टिप कापलीस?" बारक्या म्हणाला. तो स्वतः टिपेवर अर्धा संसार चालवायचा. "मला सांगायचंस. मी दिले असते."

"तिघांत आकडा बसत नव्हता," हिशेबनीस पुटपुटला. "मला वाटलं, दोनचार महिन्यांचा प्रश्न..." तो मध्येच थांबला.

दोनचार महिन्यांनी काय होणार होतं, ते चौघांनाही कळलं. म्हणजे हिशेबनीसाने तोही हिशेब करून ठेवला होता. विमा कंपनीतला माणूस, जन्मभर तेच केलेलं. बारक्याने हातातलं हाड ताटलीत ठेवलं. भस्म्याला वाटलं होतं की आपण आता ओरडू. तालमीत या जागी तो कायम ओरडायचा. पण समोर बघितलं तर हिशेबनीसाचे डोळे भरलेले, आणि चष्मा हातात असल्याने लपवायला काही नव्हतं.

"बघवत नाही रे तुझ्याकडे," हिशेबनीस म्हणाला. "तू समोर बसतोस आणि आम्ही जेवतो. मला घरी गेल्यावर झोप येत नाही. वाटलं, निदान पैसे तरी घेऊ नयेत."

"मलाही त्रास होतो," भस्म्या म्हणाला. "खोटं कशाला बोलू? आत्ता या वासाने जीव कासावीस झालाय. पण हा त्रास माझा आहे, तो मी बघून घेईन. तुम्हाला बघवत नसेल तर नका बघू माझ्याकडे. मला मोजा फक्त. मी आहे तोवर मला मोजा, आणि मी किती दिवस आहे ते तू ठरवू नकोस."

त्याने पाकीट उघडून आपला वाटा बशीत टाकला, एक नोटही कमी नाही. मग तिघांनी टाकला. ताईचा अर्धा वाटा वेगळा काढला, आणि मागच्या महिन्यांचा हिशेबनीसाने आपल्या एकट्याच्या खिशातून भरला. तो मास्तरला आणि बारक्याला हात लावू देईना. ताईला बोलावलं. भस्म्याला वाटलं, ती संकोचेल, नको म्हणेल. तिने तसलं काही केलं नाही. पट्टीच्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला आणि तिथेच उभी राहून नोटा मोजल्या.

"तीन वेळा झालं होतं," ती म्हणाली. "हे दोनदाचे आहेत."

हिशेबनीसाने आयुष्यात पहिल्यांदा, आपली बेरीज चुकली हे चारचौघांत कबूल केलं आणि पुन्हा पाकीट काढलं. उरलेली कोंबडी ताईने डब्यात भरून बारक्याच्या हातात दिली, कारण त्याची नजर त्या कोंबडीवरून हलत नव्हती.

निघाले तेव्हा ताईचीही दुपारची पाळी संपली होती. एरवी ती मागच्या जिन्याने जायची, कारण लिफ्ट गिऱ्हाइकांसाठी होती. भस्म्याने लिफ्टचं दार धरून ठेवलं. "या," तो म्हणाला. "लिफ्ट माझ्या हाताखालची आहे, कोण काय बोलतं बघू." ताई आत आली. मास्तर आला, हिशेबनीस आला, डबा छातीशी धरून बारक्या आला, आणि शेवटी भस्म्याने पाय ठेवला.

घंटा वाजली.

भस्म्याच्या आजारपणापासून ती वाजली नव्हती. कुणी हललं नाही. मग हिशेबनीस घाईघाईने बाहेर पडायला लागला. "मी जातो जिन्याने. तुम्ही चला."

"थांब," भस्म्या म्हणाला. "मागच्या वेळी वाजली तेव्हा कोण उतरलं होतं?"

बारक्या डब्याकडे बघत राहिला. उत्तर त्याला माहीत होतं, पण ते द्यायची त्याची इच्छा नव्हती. "मी," तो शेवटी म्हणाला.

बारक्यानंतर पाळी कुणाची, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. भस्म्या बाहेर आला. घंटा थांबली, दार मिटलं, आणि लिफ्ट खाली निघाली. वरचे दोर सरकल्याचा आवाज त्याला ऐकू आला. आवाज बरोबर होता, कुठे घासत नव्हतं.

कठडा धरून तो उतरायला लागला. पहिल्या वळणावर थांबला, दम खाल्ला. दुसऱ्या वळणावर जास्त वेळ थांबला आणि पायरीवर बसला. खालून कुणाची हाक आली नाही, मदतीला कुणी वर आलं नाही. एवढी अक्कल त्यांना त्या दुपारी आली होती. घाम पुसून तो उठला आणि राहिलेल्या पायऱ्या उतरला. चपलांच्या दुकानासमोर ताईसकट चौघंही त्याची वाट बघत उभे होते.

हिशेबनीसाने चष्मा लावला. "पुढच्या वेळी मास्तरची पाळी," तो म्हणाला.